सुतारकामाचा प्रगत कोर्स: आठ महिन्यांनंतर

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम. माप फूट, इंच आणि सुतात. इंचाचे आठ सूत. मी चौदा वर्षं काम केल्यावर कमर्शियल फर्निचरचा तीन महिन्यांचा कोर्स केला, कारण ऑफिसांच्या कामाची ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये यायची आणि मला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागायची.

मला वाटलं होतं खरा फायदा मशीनचा होईल. झाला तो कटिंग लिस्टचा, म्हणजे शीटमधून कुठला तुकडा किती मापाचा कापायचा त्या यादीचा. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. त्यातून दोन फुटी चार फळ्या निघतात, असा आमचा जुना हिशेब. पण पॅनल सॉचं, म्हणजे शीट कापायच्या मशीनचं, पातं प्रत्येक कटला साधारण ३ मिमी खातं. तीन कटला ९ मिमी, म्हणजे जवळजवळ तीन सूत, आणि चौथी फळी नेमकी तेवढी आखूड! वर्षानुवर्षं मी तिथे बीडिंग, म्हणजे बारीक पट्टी, लावून निभावलं. आता फळी ६०० ची धरतो आणि आधी कागदावर शीट मांडतो. परवा एका औषध दुकानाच्या रॅकला माझ्या जुन्या अंदाजाने २२ शीट लागल्या असत्या, काम १९ मध्ये बसलं.

ऑटो हिंजचंही, म्हणजे कपाटाच्या दाराला आतून बसणाऱ्या स्प्रिंगच्या बिजागरीचंही, तसंच. ३५ मिमीचं भोक पूर्वी नजरेने पाडायचो, मग शटर, म्हणजे कपाटाचं दार, वर-खाली. आता दाराच्या कडेपासून भोकाचा मध्य २२.५ मिमीवर ठेवणारा जिग, म्हणजे साचा, वापरतो. आठ महिन्यांत शटर सरळ करायला पुन्हा कुठे जावं लागलेलं नाही.

प्लायवर छापलेल्या आयएस ३०३ (साधा, नेहमीच्या वापराचा प्लाय) आणि ७१० (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय) या मानकांमधला फरकही तिथेच नीट कळला. पँट्रीच्या सिंकखाली आता ७१० शिवाय लावत नाही, गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो.

कमी पडलं ते स्पष्ट सांगतो. सोळा जणांत एकच पॅनल सॉ, माझा हात चार वेळा लागला. धूळ ओढायची सोय नव्हती. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापताना घसा धरायचा, मास्क मी स्वतः घेतला. एस्टिमेट आणि जीएसटीचं बिल एका दुपारीत उरकलं, आणि कंत्राट घेणारा माणूस नेमका तिथेच बुडतो. ते मी नंतर एका अकाउंटंटकडे बसून शिकलो.

रंधा, पटाशी हातात बसलेल्यालाच हा कोर्स पचेल. वडील अजून सुतातच माप सांगतात, मी ते मिलिमीटरमध्ये लिहून घेतो. फी भरण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन एका मशीनवर किती जण असतात, ते मात्र डोळ्यांनी पाहा.