पैसे घेतले कुरिअरचे, पाकीट टाकलं पोस्टात

स्टेशनजवळ असं एखादं दुकान असतंच. दारावर चार-पाच बड्या परदेशी कुरिअर कंपन्यांचे लोगो, आत झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड. ठाण्यातल्या अशाच एका दुकानदारानं आम्हाला कसं गंडवलं ते सविस्तर लिहिते, कारण परदेशी शिकणाऱ्या पोरांची कागदपत्रं पाठवायला घरचे लोक अशाच दुकानांत जातात.

भाची कॅनडात ब्रॅम्प्टनला असते. पुढच्या प्रवेशासाठी तिला मुंबई विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत दाखला, हवी होती, तीही सीलबंद. विद्यापीठ पाकीट चिकटवतं, त्या जोडावर सही-शिक्का मारतं आणि ते फोडायचं फक्त तिकडच्या कॉलेजनं. विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला खेटे घालून मी ती मिळवली. ही नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. कॅनडातले टपाल कर्मचारी संपावर जाणार अशी कुणकुण होती, त्यामुळे भाचीनं बजावलं होतं, "मावशी, पोस्टानं अजिबात नको. चार पैसे जास्त गेले तरी चालतील."

दुकानदार म्हणाला, "ताई, पाच दिवसांत पोच. कंपनीच्या ऑफिसात गेलात तर डबल घेतील, आमचं बल्क असतं." यात खोटं काही नाही. भरपूर माल देणाऱ्या एजंटांना कंपन्या सवलत देतात आणि प्रामाणिक एजंटाकडून खरंच स्वस्तात जातं. लबाड माणूस याच खऱ्या गोष्टीच्या आडून धंदा करतो. मी २,२०० रुपये यूपीआयनं दिले. पावती हातानं लिहिलेली, त्यावर 'कॅनडा डॉक्स' आणि दुकानाचाच कुठलासा नंबर. कंपनीचं छापील एअरवे बिल, म्हणजे पाकिटाचा माग काढायचा नंबर असलेली कंपनीची पावती, नाही. आधारची प्रतही मागितली नाही, आणि परदेशी कुरिअर खरोखर बुक करायचं तर पाठवणाऱ्याचं केवायसी लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक आली. ती कुठल्याही कंपनीची नव्हती, याचीच वेबसाइट होती. रोज उघडावी तर 'इन ट्रान्झिट'. मग एक दिवस मेसेज आला: कस्टम क्लिअरन्सचे १,८०० भरा, नाहीतर पाकीट परत येईल. ते मी भरले नाहीत. नुसत्या कागदपत्रांवर सहसा ड्यूटी लागत नाही, आणि लागलीच तर कंपनी तिकडे पाकीट घेणाऱ्याकडे मागते. ठाण्यातल्या झेरॉक्सवाल्याच्या यूपीआयवर कॅनडाचं कस्टम पैसे घेत नसतं.

१५ नोव्हेंबरला कॅनडा पोस्टचा संप सुरू झाला. मी दुकानात गेले तर साहेब एकदम निर्धास्त. "ताई, तिकडे पोस्टाचा संप आहे ना, आम्ही काय करणार?" अहो, पण पाकीट खासगी कंपनीनं गेलंय ना? त्यांची विमानं त्यांची, गाड्या त्यांच्या, दारात येणारा माणूस त्यांचा. पोस्टाच्या संपानं त्यांचं काय अडतं? यावर त्यानं विषय बदलला. खरा नंबर द्या म्हणून मी काउंटरसमोर ठिय्याच दिला, तेव्हा कुठे ड्रॉवरमधून एक चिटोरं निघालं. सुरुवातीला आर आर, मग नऊ आकडे, शेवटी आय एन.

हा नंबर ओळखायला शिका. दोन अक्षरं, नऊ आकडे, दोन अक्षरं ही जगभरातल्या टपालखात्यांची पद्धत. शेवटचं आय एन म्हणजे भारत. सुरुवातीला आर असेल तर रजिस्टर्ड आणि ई असेल तर परदेशी स्पीड पोस्ट, म्हणजे ईएमएस. खासगी कंपन्यांचे नंबर असे नसतात. डीएचएलचा दहा आकडी, यूपीएसचा 'वन झेड'नं सुरू होणारा. भारतीय टपालखात्याच्या साइटवर नंबर टाकला तर बुकिंगची तारीख मी पाकीट दिल्यानंतर चांगली चार दिवसांची. जे टाळायला जादा पैसे मोजले, नेमकं तेच त्यानं केलं होतं, आणि त्यासाठी पोस्टाला मोजले असतील ते २,२०० च्या पाव भागाच्या आतच.

संप १७ डिसेंबरला संपला. साठलेल्या ढिगातून पाकीट भाचीच्या हाती पडलं जानेवारीत. तिनं फोटो पाठवला. मी दिलेलं जाड पुठ्ठ्याचं बाहेरचं कव्हर गायब. वजन कमी करायला आतलं पाकीट दुमडून साध्या लिफाफ्यात कोंबलेलं, आणि दुमडताना फ्लॅप उसवला म्हणून विद्यापीठाच्या गोल शिक्क्यावरून आडवी सेलोटेप. कॉलेजनं ते हातातही घेतलं नाही.

पोस्टाबद्दल माझी तक्रार नाही. संप नसता तर मीच ईएमएसनं पाठवलं असतं; खासगीपेक्षा स्वस्त पडतं आणि मागही काढता येतो. एजंटाकडे जायचं असेल तर कंपनीचं छापील एअरवे बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि नंबर एजंटाच्या लिंकवर न बघता कंपनीच्या साइटवर स्वतः टाका. पहिले एक-दोन दिवस तिथे काहीच दिसलं नाही तर लगेच दुकान गाठा, पाकीट बहुधा अजून ड्रॉवरमध्येच असतं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पावतीचा फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि बुकिंगची तारीख जोडली. आधी दुकानदारानं पावतीच्या मागचं 'जबाबदारी १०० रुपयांपर्यंत' दाखवलं, शेवटी २,२०० परत केले. ट्रान्सक्रिप्टची फी पुन्हा आम्हीच भरली. दुसऱ्या खेपेला भाचीनं कॉलेजला आधी ईमेल करून विचारलं, तर विद्यापीठाकडून थेट ऑनलाइन आलेली प्रत त्यांना चालत होती.