फेणीचे संग्रहालय की काजूची भट्टी?
सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून गोव्यात उतरणाऱ्या आणि 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजूफेणी ही गोव्याची दारू समजून घेऊ इच्छिणाऱ्या प्रवाशापुढे दोन पर्याय असतात. कांदोळी येथे 2021 मध्ये सुरू झालेले ‘ऑल अबाउट अल्कोहोल’ हे संग्रहालय हंगामावर अवलंबून नाही. फेणी साठवण्याचे फुगीर काचेचे बुधले आणि जुने पेले तेथे निवांत न्याहाळता येतात.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यासारख्या काजूच्या पट्ट्यातील भट्टी मात्र साधारणपणे मार्च ते मे एवढीच पेटते, पण तेथे सारी प्रक्रिया डोळ्यांसमोर घडते: बोंडू (काजूची रसाळ फळे) तुडवून काढलेला रस काही दिवस आंबतो, मग लाकडाच्या जाळावर उकळतो आणि त्याची वाफ गार होऊन थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरते. या पहिल्या धारेला हुर्राक म्हणतात. तीच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळली की फेणी होते. (सिंधुदुर्गात हेच बोंडू बहुतांशी बागेत कुजून जातात, ही खंत वेगळी.) आंबलेल्या रसाचा उग्र दर्प सोसणार असेल, तर हंगामात भट्टीलाच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भट्टीवाल्याची परवानगी मात्र आधी घ्यावी. पावसाळ्यात संग्रहालयाला पर्याय नाही.