होडी शाकारायला झाप की ताडपत्री?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर ओढलेली, पावसापासून ती शाकारायची म्हणजे झाकायची आहे, आणि भाचा विचारतोय: मामा, यंदा ताडपत्रीच घेऊ का?

घरचे माड असतील तर झापांना, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांना, फक्त मेहनत लागते, पण ते दरवर्षी नवे विणावे लागतात. जाड ताडपत्री पुढच्या पावसाळ्यालाही चालते. उन्हात मात्र तडकते, म्हणून काढल्यावर धुऊन, वाळवून सावलीत ठेवायची.

माझ्या मते खरा मुद्दा हवेचा. झापांतून वारा खेळतो. ताडपत्री थेट फळ्यांवर टाकली तर आत दमट राहतं, बुरशी येते, लाकूड कुजतं. त्यामुळे खाली बांबूचा उंच सांगाडा हवा, दोन्ही टोकं उघडी हवीत, पाणी साचून झोळ पडता कामा नये.

लाकडी होडी आणि विणणारे हात असतील तर झापच. फायबरची होडी, माणसं कमी, तर ताडपत्री घे.