मुंबई–नागपूर विमान: तिकिटावर ९५ मिनिटं, घड्याळात साडेपाच तास

माहेर नागपूरचं, सासर डोंबिवलीचं. चोवीस वर्षं विदर्भ एक्सप्रेसने ये-जा केली. फेब्रुवारीत भाचीच्या साखरपुड्याला पहिल्यांदाच विमानाने गेले. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण नकोय.

तिकिटावर सकाळी ६.१५ ते ७.५०. दोन शहरांमधलं सरळ अंतर ६८५ किलोमीटरच्या आसपास, विमान उडतं ताशी आठशेच्या घरात. मग दीड तास कशाला, असं मी लेकाला विचारलं. तर म्हणे, विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की बंद. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. आमच्यापुढे रांगेत सहा विमानं मी खिडकीतून मोजली. ६.१८ला हललो, ६.४० झाले तेव्हा कुठे चाकं जमिनीवरून सुटली. ७.४७ला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर टेकलो, ७.५२ला थांबलो. पंधरा मिनिटांच्या आतला उशीर आपल्याकडे उशीर धरत नाहीत, म्हणजे कागदावर आम्ही अगदी वेळेत!

पण घरातून मी निघाले सव्वातीनला. बॅग हातात येऊन मानेवाड्याला भावाकडे पोचेपर्यंत पावणेनऊ. विदर्भला कल्याणहून तेरा तासांच्या वर लागतात हे खरं, पण त्यातले सात मी झोपते. इथे अडीचला उठले आणि साखरपुड्यात जांभया देत बसले. फोटोत दिसतंय.

विमानातले पोहे म्हणजे कागदी कपात उकळतं पाणी ओतून झाकण लावून देतात ते. पाच मिनिटं थांबा, हवाई सुंदरी म्हणाली. थांबले. वर तरंगणारे दोन वाटाणे आणि खाली पीठ. तासाभराने भावाने तर्री पोहे समोर ठेवले तेव्हा कुठे जीव जाग्यावर आला.

खरा राग परतीचा. नागपूरहून संध्याकाळचं विमान सव्वा तास लेट आणि गेटवरची मुलगी विचारावं तेव्हा ‘येतंय मॅडम’. उशीर झाल्याचा मेसेज आला तो आम्ही रांगेत उभे राहिल्यावर! परतीला वेळही जास्त लागतो, थंडीच्या दिवसांत वरचा वारा पश्चिमेकडून येतो आणि विमानाला त्याच्या तोंडावर जावं लागतं. ते मान्य, वाऱ्यावर कोण रागावणार. पण ‘येतंय’ म्हणजे काय?

त्यात बॅग तीन किलो जास्त भरली. मृगाची संत्री होती. जादा वजनाचे पैसे संत्र्यांच्या किमतीहून जास्त सांगितले, म्हणून काउंटरसमोरच बॅग उघडली. अर्धी संत्री पर्समध्ये, चार शालीच्या गाठोड्यात, दोन तिथेच उभ्याने खाल्ली. लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेतच राहू दिली. हातातल्या सामानात घेतली तर तपासणीला काढून घेतील अशी भीती.

वैमानिकाने मुंबईला इतकं अलगद उतरवलं की शेजारचे काका झोपेतून उठले नाहीत. त्याचा एक तारा, सामान धड आल्याचा एक, आणि खिडकीतून कसाऱ्याचा घाट वरून दिसला त्याचा अर्धा. पाचपैकी अडीच.

मे महिन्यात पुन्हा जायचंय. जाताना विदर्भ, येताना दुपारचं विमान.