क्रिएटिन, व्हे आणि ‘झटपट मसल’चे डबे: फुटबॉलचा हंगाम काढल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. हंगामपूर्व सरावापासून शेवटच्या सामन्यापर्यंत संघातल्या खेळाडूंच्या हातात जे जे डबे आले, त्यातलं पैसे वसूल करणारं एकच: साधं, बिनचवीचं क्रिएटिन मोनोहायड्रेट. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांची पावडर, सोयीचं आहे, बाकी काही नाही. कॅफीन कामाचं, पण जपून. गेनर (वजन वाढवायची पावडर), टेस्टो बूस्टर (टेस्टोस्टेरॉन हार्मोन वाढवतो म्हणून विकला जाणारा माल), बीसीएए (सुटी अमिनो आम्लं) यांच्यावर खर्च करू नका. आणि महिन्याभरात चार किलो ‘सुकी’, म्हणजे बिनचरबीची, मसल चढवणारा डबा हाती लागलाच, तर खूश होण्याआधी त्यात लेबलवर न छापलेलं काय आहे याची चौकशी करा.

क्रिएटिनपासून सुरुवात. गोलकीपर सोडला तर खेळाडू सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो, पण निकाल ठरतो तो दोन-तीन सेकंदांच्या स्प्रिंटवर, हेडरच्या उडीवर, वळून पुन्हा सुटण्यावर. ही कामं स्नायू फॉस्फोक्रिएटिन या झटपट इंधनाच्या साठ्यावर करतो. तो काही सेकंदांत उतरतो आणि मधल्या चालण्या-जॉगिंगमध्ये भरून येतो. क्रिएटिनच्या पावडरने हा साठा मोठा होतो, एवढंच. त्यामुळे एकट्या, ताज्या स्प्रिंटची वेळ सुधारेल अशी आशा ठेवू नका, ती जवळपास तशीच राहते. फरक पडतो तो लागोपाठच्या स्प्रिंटमध्ये सहाव्या-सातव्या फेरीला, आणि जिममध्ये स्क्वॉटच्या शेवटच्या सेटला एक-दोन रेप्स जास्त निघतात तिथे. स्नायू वाढतो तो या जादा रेप्सनी. जिमला दांडी मारून नुसती पावडर पिणाऱ्याच्या अंगावर चढतं ते बहुतेक पाणीच.

घ्यायचे दोन रस्ते आहेत. लोडिंग म्हणजे रोज 20 ग्रॅम, 5 ग्रॅमचे चार भाग करून, पाच ते सात दिवस. त्यानंतर रोज 3 ते 5 ग्रॅम. दुसरा रस्ता म्हणजे पहिल्या दिवसापासून रोज 3 ते 5 ग्रॅम, आणि साठा भरायला साधारण चार आठवडे वाट बघायची. शेवटी दोन्हींनी साठा सारखाच भरतो. फुटबॉलसाठी आमचं मत दुसऱ्याला. लोडिंगमध्ये आठवड्याभरात एक ते दोन किलो वजन चढतं, ते स्नायूंच्या पेशींनी ओढलेलं पाणी असतं, आणि विंगरला ते वळताना लगेच जाणवतं. हंगामपूर्व सरावाच्या सुरुवातीला हे चालून जातं. सामन्यांच्या आठवड्यात लोडिंग सुरू करणं म्हणजे स्वतःच्या पायात स्वतःच वजन बांधणं.

पोट बिघडल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एका दमात घेतलेल्या 10 ग्रॅममध्ये असतं. न शोषलेली पावडर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब लागतात. यात स्कूपचाही हात असतो. डब्यावरचे 5 ग्रॅम हे सपाट स्कूपचे असतात. शीग लावून भरलेला स्कूप त्याच्या बराच पुढे जातो. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि एकदा तोलून बघा. गार पाण्यात हे नीट विरघळत नाही. ग्लासच्या तळाशी पांढरी रेती बसते आणि मात्रेतला चांगला हिस्सा तिथेच राहतो. कोमट पाण्यात ढवळा, तळाशी उरलंच तर परत पाणी घालून ते पिऊन टाका. आंबट रसात कालवून दिवसच्या दिवस ठेवू नका, ते हळूहळू क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थात मोडतं. दमट हवेने पावडरचे गठ्ठे झाले तर मात्र घाबरायचं कारण नाही, फोडून वापरा. एथिल एस्टर, एचसीएल वगैरे महाग अवतारांनी मोनोहायड्रेटवर मात केलेली नाही. एथिल एस्टर तर शरीरात जास्त वेगाने क्रिएटिनिन होऊन बाहेर पडतं.

रक्ततपासणीचा घोळ इथूनच सुरू होतो. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडं वर जातं, आदल्या दिवशी जड व्यायाम झाला असेल तर आणखी, आणि त्यावरून काढलेला किडनीच्या गाळणीचा आकडा कमी दिसतो. घरचे घाबरतात, डबा कचऱ्यात जातो. डॉक्टरांना पावडरबद्दल आधीच सांगा. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी ही तपासणी करता येते, तिच्यावर स्नायूंच्या आकाराचा आणि या पावडरचा फारसा परिणाम होत नाही. किडनीचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. आणखी एक: काहींना काहीच फरक जाणवत नाही. ज्यांचे साठे आधीच भरलेले असतात त्यांच्यात वाढायला जागा कमी असते. शाकाहारी खेळाडूंना सहसा जास्त फायदा होतो.

व्हेबद्दल थोडक्यात. स्नायू वाढवायचे तर दिवसाला वजनाच्या किलोमागे 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. 75 किलोच्या खेळाडूला कमीत कमी 120 ग्रॅम. एका वेळेला किलोमागे 0.4 ग्रॅम, म्हणजे 30 ग्रॅम, असं चार वेळांत वाटून. जेवणातून हा हिशेब भरत असेल तर डब्याची गरज नाही. साध्या व्हेने, म्हणजे कॉन्सन्ट्रेटने, पोट फुगत असेल तर त्यातली दुधाची साखर (लॅक्टोज) कारण असू शकते, जास्त गाळलेलं आयसोलेट वापरून बघा. स्वस्त व्हेमध्ये मात्र एक चलाखी चालते. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ठरलेल्या आकड्याने गुणते. मग ग्लायसीन, टॉरीन असले स्वस्त घटक मिसळले की कागदावर प्रथिनं वाढतात. घटकांच्या यादीत हे सुटे लिहिलेले दिसले तर डब्यावरचा 24 ग्रॅम प्रथिनांचा आकडा विसरा.

गेनर म्हणजे बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन, पिष्टापासून बनवलेलं स्वस्त कर्बोदक. एका खुराकात हजाराहून जास्त कॅलरी, आणि वजन चढतं ते आधी कमरेवर. नवख्याला नीट व्यायाम आणि आहारावर महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू मिळाला तरी चांगली प्रगती म्हणायची. जुन्या खेळाडूला त्याहून बराच कमी. आठवड्यात दोन सामने असताना आहे ते टिकवलं तरी पुष्कळ. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. दर दोन आठवड्यांनी वजन, कमरेचा घेर, 10 आणि 30 मीटरची वेळ आणि जागेवरून मारलेल्या उडीची उंची एकाच वहीत लिहा. वजन वर आणि उडी खाली असं दिसलं की ते वजन कामाचं नाही, मग आरसा काहीही म्हणो.

कॅफीन: किलोमागे 3 मिलिग्रॅम, सामन्याच्या तासभर आधी. 6 च्या वर जाऊन हात थरथरण्यापलीकडे काही मिळत नाही. निम्मं उतरायला पाचेक तास लागतात, त्यामुळे रात्रीच्या सामन्यानंतर झोपेचं खोबरं होतं, आणि झोपेशिवाय स्नायू भरत नाही. बीटा-ॲलानिन या अमिनो आम्लाच्या पावडरने चेहऱ्याला मुंग्या येतात. त्या निरुपद्रवी आहेत, पण फुटबॉलमध्ये फायदाही फार दिसला नाही. टेस्टो बूस्टरमधली ट्रिब्युलस ही वनस्पती टेस्टोस्टेरॉन वाढवत नाही, विषय संपला.

आता खरी भीती. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या पैशावर झालेल्या तपासणीत 13 देशांतून घेतलेले 634 सप्लिमेंट तपासले होते, सगळे हार्मोन नसल्याचं सांगून विकलेले. त्यातल्या 94 मध्ये, म्हणजे जवळपास 15 टक्क्यांमध्ये, लेबलवर नसलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइडं सापडली. काही ठिकाणी हे मुद्दाम घातलेलं असतं, काही ठिकाणी आधीच्या मालाचा अंश मिक्सरमध्ये राहतो. प्रयोगशाळा लघवीच्या एका मिलिलिटरमधले नॅनोग्रॅम पकडते. नँड्रोलोन या स्टेरॉइडच्या अवशेषाची सीमा अनेक वर्षं 2 नॅनोग्रॅम होती. इतक्या कमी अंशाने स्नायू तसूभरही वाढत नाही, बंदी मात्र येते. अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कसं आलं हा प्रश्न शिक्षा ठरवताना.

2001 साली डेव्हिड्स, स्टाम, गार्डिओला हे नावाजलेले फुटबॉलपटू नँड्रोलोनमध्ये अडकले. गार्डिओला पुढे निर्दोष ठरला, पण त्यात वर्षं गेली. कोलो तुरेने बायकोच्या वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्या आणि 2011 मध्ये सहा महिने बाहेर बसला. साखो 2016 मध्ये फॅट बर्नरमधल्या (चरबी घटवायच्या औषधातल्या) हायजेनामिन या उत्तेजकासाठी निलंबित झाला, युरोपा लीगची अंतिम फेरी हुकली आणि नंतर त्याच्यावरचं प्रकरण रद्द झालं. पोग्बाचा ऑगस्ट 2023 चा नमुना पॉझिटिव्ह निघाला, फेब्रुवारी 2024 मध्ये चार वर्षांची बंदी आली. डॉक्टरने सुचवलेल्या सप्लिमेंटमधून डीएचईए हे बंदी असलेलं हार्मोन नकळत गेलं हे क्रीडा लवादाने मान्य केलं, बंदी कमी केली, तरी 18 महिने कायम राहिले. ही सगळी व्यावसायिक क्लबांत, पगारी डॉक्टरांच्या देखरेखीत खेळणारी माणसं.

म्हणून खरेदीची पद्धत. एकच घटक असलेला, बिनचवीचा डबा. इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्टचा शिक्का, पण नुसता शिक्का पुरत नाही. डब्याच्या बुडाचा बॅच क्रमांक त्यांच्या यादीत शोधा. सील, क्रमांक आणि पावतीचा फोटो काढा, संपत आलेल्या डब्यातली थोडी पावडर क्रमांक लिहून बाजूला ठेवा. उद्या प्रकरण उद्भवलं तर बचावाला तोच पुरावा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून मात्रा लपवलेली दिसली तर परत ठेवा. ऑस्टरीन, एलजीडी-4033, आरएडी-140 ही नावं दिसली तर तो सप्लिमेंट नाहीच, बंदी असलेला पदार्थ आहे, ‘स्टेरॉइड नाही’ असं विकणाऱ्याने कितीही सांगू दे.

आणि थेट स्टेरॉइड? ती काम करतात, हे लपवण्यात अर्थ नाही. 1996 च्या गाजलेल्या प्रयोगात उपचाराच्या अनेकपट टेस्टोस्टेरॉन टोचून दहा आठवडे वजनं उचलणाऱ्यांची चरबीविरहित वाढ सरासरी 6.1 किलो होती, व्यायाम न करता नुसतं टोचणाऱ्यांची 3.2, आणि खोटं इंजेक्शन घेऊन व्यायाम करणाऱ्यांची 2 च्या आसपास. फुटबॉलमध्ये त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. स्नायूची ताकद आठवड्यांत वाढते, पण त्याला हाडाशी बांधणारा कंडरा तेवढ्या वेगाने तयार होत नाही. चार-पाच किलोने जड झालेला खेळाडू त्याच कंडरांवर पूर्ण वेगात थांबतो, वळतो, आणि दुखापत तिथेच होते. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची डावी भिंत जाड होते, तोंडाने घ्यायच्या गोळ्या यकृतावर येतात. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना सांगणं थांबवतो. स्टेरॉइडची सायकल, म्हणजे घेण्याचा ठरलेला काळ, संपल्यावर शरीराचं स्वतःचं उत्पादन परत यायला महिने लागतात आणि तेवढ्यात मिळवलेल्यातलं बरंच जातं. वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये हाडांची वाढीची टोकं वेळेआधी बंद होतात, मग उंची तिथेच अडकते.

हंगाम संपल्यावर क्रिएटिन थांबवलं तर साठे चार ते सहा आठवड्यांत मूळ पातळीवर येतात आणि किलोभर वजन उतरतं. ते पाणी असतं, मसल गेली म्हणून दुप्पट मात्रा सुरू करू नका. पुढच्या तयारीच्या महिनाभर आधी रोज 5 ग्रॅमने परत सुरू केलं की लोडिंग लागत नाही. डब्यात उरलेली पावडर तोवर झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा.