जिनिंगवर २३ क्विंटल कापूस विकला, त्याचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर जी खासगी जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना, तिथं मी २०२५-२६ च्या हंगामात दोनदा कापूस नेला. दिवाळीनंतर ९ क्विंटल आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात १४. जिनिंगचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचं आहे त्यातलं अर्धं त्यांच्या हातातलं नाही.

आधी हे, की मी सरकारी हमीभावाच्या खरेदी केंद्रावर का गेले नाही. सातबाऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव आहे. फेरफाराचं काम आमच्याच घरून राहिलं, त्यामुळे नोंदणी झाली नाही. आणि पहिला वेचा घरात ठेवायला जागा नव्हती. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता, पोरांच्या अंगाला खाज सुटली होती, मजुरीचे पैसे द्यायचे होते.

काटा चोख आहे. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही वेळा आकडा बाहेरच्या पाटीवर मोठा दिसतो, कोणीही वाचावा. ओलाव्याचं मशीन तुमच्यासमोर लावतात. पहिल्या खेपेला १४ टक्के निघाला. त्या वर्षीच्या पावसानं बोंडं सडली, उरली ती ओली, त्यामुळे त्यावर माझं काही म्हणणं नाही. केंद्रावर १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतलाच नसता. भाव ६,६०० लागला. दुसऱ्या खेपेला मी कापूस चार दिवस उन्हात घातला, ओलावा ९ टक्के आला, भाव ७,१५०. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी खात्यात. आमच्याकडे गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यांनी ज्यांना महिना-महिना फिरवलंय, त्यांना या तिसऱ्या दिवसाची किंमत कळेल.

दोन गोष्टी खटकल्या. पहिल्या खेपेला मातेऱ्याच्या (काडीकचऱ्याच्या) नावानं क्विंटलमागे एक किलो कट्टी, म्हणजे वजनात कपात, धरली आणि ती पावतीवर लिहिली नाही. कवडी (किडका, खराब कापूस) होती, मी नाकारत नाही, पण कापायचं तर लिहून कापा. दुसरं, बायकांसाठी संडास नाही. सकाळी आठला रांगेत लागलेली मी दुपारी तीनला मोकळी झाले. आता बायकाही माल घेऊन येतात, हे मालकांनी लक्षात घ्यायला पाहिजे.

आता भावाचं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० होता. ओलाव्याची एक टक्का कपात धरली तरी ८,०२९ होतात. म्हणजे दुसऱ्या खेपेला मला क्विंटलमागे पावणेनऊशे रुपये कमी मिळाले, १४ क्विंटलला बारा हजारांच्या वर. मी जिनिंगच्या मुनीमजींना सरळ विचारलं, की कापूस कोरडा आहे, स्वच्छ आहे, मग एवढा फरक कशाचा? ते म्हणाले, "वहिनी, गाठी पडून आहेत पहा तिकडं. गिरणीवाले उचलच नाही करून राहिले. बाहेरची रुई त्यायले बिनड्युटीची भेटून राहिली, आमची महाग कोण घेईन?" आणि त्यांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. तो मी घरी आणला आहे.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. रुई दीडशे रुपये किलो धरा. बाहेरच्या देशातून येणाऱ्या रुईवर ११ टक्के ड्युटी (आयात कर) म्हणजे किलोला साडेसोळा रुपये. ड्युटी असेल तर बाहेरची रुई गिरणीला तेवढ्यानं महाग पडते, आणि आपल्या रुईला तेवढी वर जायला जागा राहते. ड्युटी काढली की ती जागा गेली. ३४ किलोला साडेसोळा रुपयांनी ५६१ रुपये. सगळे ५६१ शेतकऱ्याच्याच खिशातून जातात असं मुनीमजी म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण पावणेनऊशेतला मोठा वाटा कुठून आला ते मला त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

ही ११ टक्के ड्युटी २०२१ च्या अर्थसंकल्पात लागली. २०२२ मध्ये काही महिने काढली होती. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही सरकी टोबली, म्हणजे कापूस लावला, तेव्हा ती लागू होती. पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी, १९ ऑगस्टपासून, ती काढली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे पऱ्हाटी (कपाशी) पाती-फुलांवर उभी असताना आमच्या मालाचा हिशेब बदलला. तेव्हा तूर लावायची वेळही गेलेली होती.

आणि काढली का? अमेरिकेनं आपल्या तिकडं जाणाऱ्या मालावर टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं. आधी २५ टक्के, मग रशियाचं तेल घेता म्हणून आणखी २५. २७ ऑगस्टपासून ५० टक्के झालं. तमिळनाडूतल्या तिरुपूरला शिवलेले कपडे तिथं महाग झाले, तयार कपडेवाले अडचणीत आले, त्यांना स्वस्त सूत मिळावं म्हणून दिल्लीनं रुईवरची ड्युटी उठवली. कपडे शिवणाऱ्या बायांची रोजी वाचावी हे मलाही वाटतं, त्याही माझ्यासारख्याच आहेत. पण भांडण तेलाचं, मार बसला शिलाईला, आणि त्याची भरपाई यवतमाळच्या कापसातून.

आमच्या गावात धुऱ्याच्या (बांधाच्या) वादात एकानं पांदणीवर, म्हणजे शेतात जायच्या वाटेवर, काट्या टाकल्या होत्या. शेजाऱ्याला धडा शिकवायचा म्हणून. शेजाऱ्याची मोटरसायकल बांधाबांधानं निघून गेली. अडकल्या त्या मागच्या अकरा शेतांच्या बैलगाड्या, आणि त्यात काट्या टाकणाऱ्याच्या सख्ख्या भावाचं सोयाबीनही भिजलं. टॅरिफ हे देशांच्या भांडणातलं हत्यार म्हणून वापरलं की असंच होतं, असं माझं ठाम मत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेनं चीनच्या मालावर टॅरिफ लावलं, चीननं उलटून त्यांच्या सोयाबीनवर २५ टक्के लावलं. तिथल्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक ब्राझीलकडे गेलं आणि त्यांच्या सरकारला शेतकऱ्यांसाठी अब्जावधी डॉलरची मदत काढावी लागली. भांडण त्या शेतकऱ्यानं सुरू केलं नव्हतं.

माझे वडील शेतकरी संघटनेचे, बिल्ला लावून फिरलेले. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाची, म्हणजे शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करायच्या मसुद्याची, बाजू घेतली तेव्हा गावात किती वाद झाले ते मी लहानपणी ओसरीवर ऐकलं आहे. बाबांचं म्हणणं, शेतकऱ्याला भिंती नकोत, आत येणाऱ्या मालालाही नको आणि बाहेर जाणाऱ्यालाही नको. मी अर्धं मानते. अमेरिकेचा कापूस त्यांच्या सरकारच्या पैशावर उभा असतो, त्याच्यासमोर मला उघडं उभं करणं म्हणजे मोकळा बाजार नाही. त्यासाठी थोडं कुंपण असावं. पण कुंपण पेरणीच्या आधी माहीत असावं आणि राखणीपुरतं असावं. दुसऱ्याच्या रागावर उपाय म्हणून ते मधेच उपटू नये.

आणि भांडायचं कसं, ते ब्राझीलकडून शिकावं. अमेरिका कापसाला जे अनुदान देते त्याविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला. वर्षानुवर्षं खटला चालवला, जिंकला. २०१० मध्ये अमेरिकी मालावर जकात लावायची यादी तयार ठेवली, पण लावण्याआधी बोलणी झाली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. काठी हातात होती, मारावी लागली नाही. बारा वर्षं लागली हे खरं. आता ती संघटनाच लंगडी झाली आहे, तिचं अपील ऐकणारं मंडळ २०१९ च्या शेवटापासून बंद पडलं आहे. ते चालू व्हावं यासाठी आपल्या लोकांनी जोर लावावा, एवढं मला कळतं.

जिनिंगला मी पाचपैकी साडेतीन तारे देईन. भाव कमी लागला म्हणून तारे कापलेले नाहीत. कट्टी आणि संडास यांचे कापले आहेत. एक मागणी मुनीमजींना सांगून आले आहे. काट्याजवळच्या फळ्यावर रोज कापसाचा भाव लिहिता, त्याच्याखाली रुईचा आणि सरकीचाही लिहा. ते "मालकाले विचारतो" म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी रांग फार असते, बुधवार-गुरुवार बरा. कापूस दोन-तीन दिवस उन्हात घालून न्या, कवडी घरीच वेगळी काढा. बँकेचं पासबुक आणि आधार बरोबर ठेवा. कट्टी धरली तर पावतीवर लिहून घेतल्याशिवाय गाडी खाली करू नका. आणि पाण्याची बाटली भरून न्या, तिथला माठ दुपारी रिकामा असतो.