कॅनडातलं ‘न्यूकमर मॉर्टगेज’: कोणी घ्यावं, कोणी थांबावं

कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी जवळजवळ प्रत्येक मोठ्या बँकेकडे वेगळं गृहकर्ज असतं. नावं निरनिराळी, गाभा एकच: इथला क्रेडिट इतिहास नसला तरी कर्ज मिळतं. हा आढावा ओंटारिओपुरता आहे. मराठी कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने घर घेतात आणि नियमांचा गुंता तिथे बराच आहे.

आधी चांगली बाजू. इथला क्रेडिट स्कोअर तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर थांबायला हे कर्ज लावत नाही. स्कोअरऐवजी भारतातला क्रेडिट अहवाल, तिथल्या बँकेचं पत्र किंवा १२ महिने वेळेवर भरलेल्या भाड्याचा आणि फोन-विजेच्या बिलांचा पुरावा चालतो. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून भाडं रोखीने देऊ नये, खात्यातूनच जाऊ द्यावं. कायम नोकरीचं पत्र लागतं आणि बहुतेक ठिकाणी प्रोबेशन संपलेलं असावं लागतं. ही सवलत खरी आहे, पीआर (कायम रहिवासाचा परवाना) असलेल्या नोकरदाराला तिचा मोठा उपयोग होतो.

डाउन पेमेंट मात्र सवलतीचं नाही, सगळ्यांना लागू असलेलंच आहे: पहिल्या ५ लाख डॉलरवर ५ टक्के, त्यापुढे १५ लाखांपर्यंतच्या भागावर १० टक्के. १५ लाख किंवा त्याहून महाग घराला सरसकट २० टक्के. २० टक्क्यांहून कमी भरलं की कर्जाचा विमा सक्तीचा. तो सीएमएचसी, सेजन किंवा कॅनडा गॅरंटी या तीन विमा संस्थांपैकी एकीकडून उतरवला जातो आणि विम्याचा हप्ता ग्राहकाच्या माथी. बँकेने होकार दिला तरी विमा कंपनीने नकार दिला की कर्ज अडतं. नकाराचं खरं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

७ लाखांच्या घराचा हिशेब मांडू. किमान डाउन पेमेंट २५,००० अधिक २०,००० म्हणजे ४५,०००. कर्ज ६,५५,०००, त्यावर विमा ४ टक्के म्हणजे २६,२००. हा विम्याचा हप्ता कर्जात मिळवता येतो, म्हणून कर्ज ६,८१,२०० होतं. पण त्या हप्त्यावरचा ८ टक्के प्रांतीय कर, म्हणजे २,०९६ डॉलर, कर्जात मिळवता येत नाही, तो क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होताना, स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. डाउन पेमेंटला पै-पै जमवलेली कुटुंबं इथे अडकतात. वकील, इन्स्पेक्शन, टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) आणि लँड ट्रान्सफर टॅक्स (घराच्या हस्तांतरणावरचा कर) वेगळे.

आता पगार. व्याज ४.५ टक्के असेल तर २५ वर्षांच्या कर्जाचा खरा हप्ता सुमारे ३,७७० डॉलर येतो. बँक मात्र दोन टक्के चढवून, ६.५ टक्क्यांनी पात्रता तपासते, म्हणजे ४,५६०. त्यात मालमत्ता कर ४०० आणि हीटिंग १०० धरले तर ५,०६०. हा घरखर्च एकूण पगाराच्या ३९ टक्क्यांत बसायला हवा, म्हणून वर्षाला सुमारे १,५६,००० डॉलर उत्पन्न लागतं. बाकीची कर्जं धरून मर्यादा ४४ टक्के. याच पगारावर इतर हप्त्यांसाठी महिन्याला जेमतेम ६५० डॉलर उरतात. समजा पुण्यात फ्लॅट आहे. त्याचा ४५,००० रुपयांचा ईएमआय डॉलरमध्ये सातशेच्या आसपास जातो, म्हणजे तो एकटाच मर्यादा ओलांडतो. तो लपवू नये. भारतातल्या क्रेडिट अहवालात तो दिसतोच.

त्या फ्लॅटचा खरा फटका दुसरीकडे बसतो, आणि बँकेच्या माहितीपत्रकात तो आढळत नाही. ७ लाखांवर ओंटारिओचा लँड ट्रान्सफर टॅक्स १०,४७५ डॉलर होतो. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला त्यात ४,००० डॉलरपर्यंत सूट आहे, टोरांटो शहरात शहराच्या वेगळ्या करावर आणखी ४,४७५ डॉलरपर्यंत. पण ‘पहिल्यांदा’ म्हणजे जगात कुठेही, कधीही घराची मालकी नसलेला. आईवडिलांनी सोयीसाठी संयुक्त नाव घातलेला फ्लॅट किंवा वारसाने नाव लागलेलं गावचं घर, दोन्ही मोजलं जातं. लग्नानंतर जोडीदाराच्या नावावर घर असलं तरीही सूट जाते. एफएचएसए, म्हणजे पहिल्या घरासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याची, ‘पहिल्यांदा’ची व्याख्या वेगळी आहे. तिथे चालू आणि मागच्या चार कॅलेंडर वर्षांत स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात राहिलात का, हे बघतात, आणि भारतातलं घरही त्यात येतं. आईवडिलांच्या घरातून थेट आलेल्याने हे खातं लगेच उघडावं: वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००, भरलेल्या रकमेवर करवजावट आणि घरासाठी काढताना करमुक्त.

वर्क परमिटवाल्यांना आमचा सल्ला: थांबा. परदेशी खरेदीदारांवरची केंद्रीय बंदी १ जानेवारी २०२३ पासून आहे, ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. खरेदीच्या दिवशी परमिटची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक असेल तर एक घर घेता येतं, हे खरं. पण ओंटारिओ त्यावर किमतीच्या २५ टक्के कर लावतं आणि टोरांटो शहर १ जानेवारी २०२५ पासून आणखी १० टक्के. जोडीदार पीआर किंवा नागरिक असेल, किंवा तुम्ही ओंटारिओचे प्रांतीय नॉमिनी (पीआरसाठी प्रांताने नाव सुचवलेले) असाल, तर प्रांताच्या करातून सूट मिळते. चार वर्षांत पीआर झालात तर तो अटींवर परतही मिळतो, पण तोवर ७ लाखांच्या घरासाठी पावणेदोन लाख डॉलर अडकतात. सर्वांत महाग पडते ती आपुलकीची चूक: पगार जुळावा म्हणून वर्क परमिटवरच्या भावाचं नाव घराला लावणं. कर भावाच्या हिश्शावर नव्हे, पूर्ण किमतीवर बसतो.

पैसे भारतातून आणायचे तर तीन-चार महिने आधी हालचाल करा. बँक ९० दिवसांचं खात्याचं विवरण मागते, मधेच आलेल्या मोठ्या रकमेचा स्रोत दाखवावा लागतो. स्वतःचे पैसे एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) येतात: आर्थिक वर्षाला १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत, सीएच्या प्रमाणपत्रासह. आईवडील देत असतील तर प्रत्येकी वर्षाला २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत, १० लाख रुपयांपुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर). तो त्यांच्या प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढे महिने अडकतो. शिवाय परतफेड नको असल्याचं गिफ्ट लेटर लागतं.

प्री-अप्रूव्हलवर, म्हणजे घर ठरण्याआधी बँक देते त्या प्राथमिक होकारावर, विसंबून बिनशर्त ऑफर देऊ नका. त्या कागदात घराचं मूल्यांकन नसतं आणि विमा कंपनीने फाइल पाहिलेली नसते. ऑफर स्वीकारली की बहुधा २४ तासांत डिपॉझिट द्यावं लागतं, टोरांटो परिसरात साधारण ५ टक्के. कर्ज अडलं तर ते बुडू शकतं. कर्जमंजुरीची पाच कामकाजी दिवसांची अट घालून घ्या. विकणारा ती मान्य करत नसेल तर ते घर सोडून द्या.